मामा म्हणतात हा तर शिवणक्लास, मी काय करू?

"ताई, मी कणकवलीजवळच्या एका गावातली. यंदा बारावी आर्ट्स झाले, मार्क ठीकठाक. आई घरी ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते, मी लहानपणापासून तिच्या हाताखाली. मला फॅशन डिझायनिंगच करायचंय. आमच्या तालुक्यातल्या कॉलेजात कम्युनिटी कॉलेजचा एक वर्षाचा फॅशन डिझाईनचा डिप्लोमा आहे, फी वीस हजाराच्या आत. मुंबईतल्या एका प्रायव्हेट इन्स्टिट्यूटने तीन वर्षांचे नऊ लाख सांगितलेत, राहणं-खाणं वेगळं. डोंबिवलीचे मामा म्हणतात, कम्युनिटी कॉलेज म्हणजे शिवणक्लासच, वर्ष फुकट जाईल, इकडे ये. बाबा काजूच्या बागेवर कर्ज काढायच्या गोष्टी करतायत. त्यात माझं ड्रॉइंग कच्चं, एलिमेंटरीला सी ग्रेड, इंटरमिजिएट दिलीच नाही. या डिप्लोमाला किंमत आहे का? पुढे शिकता येईल का? आणि गावात राहून यातून काही मिळेल का? – गोंधळलेली"

अगो गोंधळलेली,

आधी बाबांना सांग, सातबारा परत कपाटात ठेवा. नऊ लाख फी, त्यावर तीन वर्षं मुंबईत खोली, मेस, लोकलचा पास, आणि सॅम्पलला लागणारं कापड-मटेरियल वेगळं (ते आधी कोणी सांगत नाही, फी भरली की मग यादी हातात देतात), आणि एवढं सगळं करून पहिली नोकरी लागते ती बहुतेक वेळा असिस्टंटची, त्या पगारातून भाडं आणि हप्ता दोन्ही कसं काढणार ते तूच मांडून बघ. बाग चालू आहे ना, मग तिच्यावर बोजा कशाला.

माझं मत, तालुक्याच्या कॉलेजात नाव घाल. पण डोळे झाकून नको, आधी एकदा स्वतः जाऊन त्यांची लॅब बघून ये, कारण अशा कोर्सचं सगळं मशीनवर किती तास बसायला मिळतं त्यावर आहे, बोर्डावर काय लिहिलंय त्यावर नाही.

लॅबमध्ये काय बघायचं ते सांगते, तुला आईमुळे कळेल. मुली किती आणि चालू मशीन किती ते मोज. मांडलेली मशीन नको मोजू, चालू मोज. एखाद्या मशीनचं बॉबिन केस काढून बघ, आत ताजी लव अडकलेली असेल तर मशीन वापरात आहे, गंज दिसला तर समजून जा, आपल्याकडच्या पावसात तीन-चार महिने हात नाही लागला तर सुया आणि शटल लगेच तांबारतात. ओव्हरलॉक मशीनला (कापडाची कड दोऱ्यांनी बंद करतं ते) दोरे ओवलेले आहेत का बघ. ओवायला कटकटीचं असतं ते, जिथे कोणी वापरत नाही तिथे ते झाकूनच पडलेलं असतं. घरगुती पायमशीनच आहेत की एक तरी इंडस्ट्रियल सिंगल नीडल आहे ते विचार, कारण उद्या फॅक्टरीत किंवा सॅम्पलिंग रूममध्ये (जिथे नव्या डिझाईनचा पहिला नमुना शिवतात) गेलीस तर तिथे तेच असतं आणि त्याच्या स्पीडची सवय नसेल तर पहिल्या दिवशी कापड हातातून पळतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, मागच्या बॅचची कामं मागून घे. मांजरपाटावर केलेली सॅम्पल असतील, एखादी फाइल असेल. पुढून बघू नको, उलटी करून बघ, बाही मुंढ्याला कशी लावलीय, चुण्या पडल्यात का, आतली माया एकसारखी आहे का, कडा ओव्हरलॉक केल्यात की तशाच सोडल्यात. आतून काम स्वच्छ असेल तर शिकवणारी बाई पक्की आहे, बिनधास्त पैसे भर. फाइल दाखवायलाच टाळाटाळ केली तर मात्र नमस्कार करून परत ये आणि मला पुन्हा लिही.

दुसरी चौकशी ऑफिसात. सर्टिफिकेटवर सही-शिक्का कोणाचा, कॉलेजचा की युनिव्हर्सिटीचा? कोर्स कुठल्या योजनेत चालतो, एनएसक्यूएफला, म्हणजे कौशल्याच्या कोर्सच्या सरकारी पातळ्यांना, धरून आहे का, क्रेडिट (शिकलेल्या तासांवर मिळणारे गुण) किती? हे लेखी माग, माहितीपत्रकात असतंच. आणि हेच प्रश्न मुंबईच्या त्या इन्स्टिट्यूटलाही फोन करून विचार हं, कारण मोठी काचेची बिल्डिंग आणि निफ्टसारखं (ती केंद्र सरकारची फॅशनची संस्था) ऐकू येणारं नाव असलं म्हणून डिप्लोमा युनिव्हर्सिटीचाच असतो असं नाही, खूप ठिकाणी तो त्यांचा स्वतःचाच असतो. शंभर टक्के प्लेसमेंट म्हणाले ना, तर मागच्या वर्षी कोण कुठे लागलं आणि किती पगारावर, ते विचार, मग बघ आवाज कसा खाली येतो.

आता मामांचा मुद्दा. कम्युनिटी कॉलेज हे प्रकरण मूळ अमेरिकेतलं, तिकडे 1901 मध्ये इलिनॉयमधल्या जोलिएट गावात पहिलं सरकारी असं कॉलेज निघालं. घरून ये-जा करायची, कमी फीत दोन वर्षं शिकायचं, लगेच कामाला लागायचं नाहीतर तिथून मोठ्या युनिव्हर्सिटीत जाऊन पुढची वर्षं पुरी करायची, असा तो हिशोब, फॅशनचे कोर्सही तिकडे असे चालतात आणि त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. आपल्याकडे पाँडिचेरी आणि मद्रासला 1995-96 च्या सुमारास सुरुवात झाली आणि 2013-14 पासून यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, योजना म्हणून कॉलेजांना द्यायला घेतलं. त्या आराखड्यात साधारण 60 टक्के भाग हाताच्या कामाचा आणि 40 टक्के बाकीचा, म्हणजे भाषा, कॉम्प्युटर वगैरे. त्या आराखड्यात 60 क्रेडिटला एक वर्षाचा डिप्लोमा, 120 ला अॅडव्हान्स्ड डिप्लोमा आणि 180 झाले की बी.व्होक. ही कौशल्याच्या शिक्षणाची डिग्री, अशी मांडणी होती. तुझ्या कॉलेजात पुढचं नसेल तर ज्या कॉलेजात बी.व्होक. आहे तिथे थेट वरच्या वर्षाला घेतात का ते आधीच विचारून ठेव, ते प्रत्येक युनिव्हर्सिटीच्या नियमावर असतं.

पहिले दोन-तीन महिने शिवणक्लासच वाटेल, तेवढं मामांचं खरं. तुला तर कंटाळा येईल, कारण सरळ शिलाई आणि हूक-काज तुला झोपेत येत असेल. फरक पडतो नंतर. हे बघ, आई समोर उभ्या असलेल्या बाईचं माप घेऊन कापते, मुंढा कुठे खोल घ्यायचा, टक्स कुठे संपवायचा हे तिच्या हाताला माहीत आहे, फर्मा, म्हणजे कापायचा नमुना ज्याला कॉलेजात पॅटर्न म्हणतात, तो तिच्या डोक्यात आहे. उद्या तारकर्लीच्या एखाद्या रिसॉर्टने सांगितलं की स्टाफचे पंचवीस कुर्ते हवेत, चार साइझमध्ये, माणसं मापाला येणार नाहीत, तर डोक्यातला फर्मा कामाचा नाही, तो कागदावर यावा लागतो आणि साइझप्रमाणे वाढवता यावा लागतो. छाती दोन इंच वाढली तर ती चार भागांत वाटायची, पाव कुर्त्याला अर्धा इंच, पण गळा तेवढा नाही वाढवायचा, खांदा तर अगदी थोडा, मुंढ्याची खोली वेगळ्या हिशोबाने, आणि मुंढा वाढला की बाहीचा माथा वाढलाच पाहिजे नाहीतर बाही बसणारच नाही. याला ग्रेडिंग म्हणतात. हे शिवणक्लासात क्वचितच कोणी शिकवतं आणि कारखान्यात पगार याचाच मिळतो, चांगल्या पॅटर्न मास्टरला मुंबईत मालक वचकून असतात.

कॉलेज सुरू व्हायच्या आधीच एक काम कर. आईचा एक जुना, अंगाला अगदी छान बसणारा कटोरी ब्लाउज माग (तिने टाकायला काढलेला, चांगला नको, शिव्या खाशील) आणि तो ब्लेडने पूर्ण उसव. एकेक भाग इस्त्री करून ब्राउन पेपरवर ठेव, कड आखून घे, उभा धागा कुठल्या दिशेला आहे त्याचा बाण काढ, आणि मग आईने ज्या मापाने कापला होता ते माप बाजूला लिही. तुला दिसेल की पुढचा मुंढा मागच्यापेक्षा जास्त आत खोदलेला आहे, आणि कटोरीच्या दोन तुकड्यांच्या जोडायच्या कडा एकसारख्या वळणाच्या नाहीत, एक जास्त गोल आहे म्हणून तर तो फुगवटा येतो. हे कागदावर बघितलेली मुलगी पॅटर्नच्या तासाला घाबरत नाही.

टेक्स्टाइल सायन्सचा विषय असेल, तो मुली रट्टा मारून पास करतात, तू तसं करू नको. आपल्याकडे बायका "सिल्क आहे हो" म्हणून साडी आणतात आणि निघतं पॉलिस्टर, मग इस्त्री लागली की राडा आणि भांडण तुझ्याशी. पदराच्या आतले दोन धागे ओढून काडेपेटीने जाळून बघायचे, कॉटन कागदासारखं जळतं आणि मऊ राख होते, पॉलिस्टर वितळून त्याची टणक गोळी होते, खऱ्या रेशमाला केस जळल्याचा वास येतो. अस्तराचं कॉटन कापण्याआधी भिजवून वाळवायचं हे तर आई करतच असेल, ते का करायचं ते तिथे कळेल.

ड्रॉइंगचं टेन्शन घेऊ नको. लांब पायांच्या बायका काढणं, म्हणजे ते नऊ डोक्यांच्या उंचीचं क्रोकी वगैरे, हे सरावाने जमतं आणि नोकरीत त्याची गरज लोकांना वाटते तेवढी नाही. कामाचं असतं ते फ्लॅट ड्रॉइंग, म्हणजे कपडा टेबलावर पसरून ठेवल्यासारखा पुढून-मागून काढायचा, शिलाई कुठे, बटणं किती, माप काय, की ते बघून दुसऱ्या गावातला कारागीर तुला फोन न करता शिवू शकेल. ते पट्टी आणि फ्रेंच कर्व्हने (वळणं आखायच्या पट्टीने) होतं, एलिमेंटरीच्या ग्रेडने नाही. कॉम्प्युटरवर करायचं तर इंकस्केप हे ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर फुकट आहे, पॅटर्नसाठी सीमली टू-डी फुकट आहे, आणि कोरलड्रॉ कॉलेजात असेल तर तिथले तास अजिबात बुडवू नको, बाहेर त्या क्लासचे पैसे पडतात.

आता एक गोष्ट जी तुला बहुतेक कोणी सांगितली नसेल. डिप्लोमा करता करता बी.ए. चालू ठेव. 2022 पासून यूजीसीने एकाच वेळी दोन कोर्स करायला परवानगी दिली आहे, एक कॉलेजात जाऊन आणि दुसरा मुक्त किंवा दूरस्थ पद्धतीने, तर नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून किंवा मुंबई युनिव्हर्सिटीच्या दूरस्थ शिक्षणातून बी.ए. होऊन जाईल, फी परवडणारी असते. कशासाठी, तर निफ्टचं एम.डेस., म्हणजे डिझाईनमधली पदव्युत्तर डिग्री, कुठल्याही शाखेच्या ग्रॅज्युएटला देता येतं, प्रवेश परीक्षा असते पण दार उघडं राहतं. आणि डिझाईनमधून मन उडालं तरी डिग्री हातात असते, घरचे पण जरा गप्प बसतात.

आणि निफ्टचं बी.डेस., म्हणजे बारावीनंतरची डिझाईनची डिग्री, पण डोक्यातून काढू नको. ती संस्था केंद्र सरकारची, 1986 ची, मुंबईचा कॅम्पस खारघरला आहे. फी तिथेही कमी नाही पण आर्थिक मदतीच्या योजना आहेत, आणि तिथला शिक्का खरोखर चालतो. परीक्षेत दोन लेखी भाग, एक क्रिएटिव्ह आणि एक जनरल, आणि मग सिच्युएशन टेस्ट, त्यात दिलेल्या वस्तूंतून तिथल्या तिथे काहीतरी बनवायचं. हात चालणाऱ्या मुलींना ती शेवटची टेस्ट सोपी जाते, एक वर्ष मशीनवर काढून गेलीस तर तू त्यातली असशील. वयाची अट त्या वर्षीच्या माहितीपत्रकात बघून घे. कॉलेजच नको वाटलं तर आयटीआयला एक वर्षाचे सुइंग टेक्नॉलॉजी आणि फॅशन डिझाईन अँड टेक्नॉलॉजी असे ट्रेड आहेत, पण तुझ्या तालुक्यात कॉलेज आहे आणि लॅब बरी निघाली तर मी तरी कॉलेजच म्हणेन.

गावात राहून काय मिळेल म्हणतेस. आपल्याकडे कामाला ऋतू असतात ते तू बघतेसच. चाकरमानी गणपतीला येणार म्हणून श्रावणात ब्लाउजचा ढीग, एप्रिल-मेमध्ये लग्नं, जूनमध्ये युनिफॉर्म, आणि मग भर पावसात लाइट जाते, मोटर बंद, जरी काळी पडते, कपाटातल्या कापडाला बुरशी. हे सगळं धरून धंदा बसवायचा. त्यात आपल्या बायका शिलाईचा भाव कसा लावतात माहितीये ना, शेजारची जेवढं घेते त्यापेक्षा वीस रुपये कमी. समज 350 रुपयांना अस्तराचा ब्लाउज दिलास, त्यात अस्तर 80, हूक-दोरा-कॅनव्हास 20, वीज-इस्त्री-मशीनची झीज 20, राहिले 230, आणि वेळ गेला पाच तास (अल्टरला परत आली तर सहा). म्हणजे तासाला चाळीस-पंचेचाळीस रुपये. आईला हा हिशोब करून दाखव, ती आधी चिडेल. कॉस्टिंगचा विषय असतो सिलॅबसमध्ये, त्या तासाला पुढच्या बाकावर बस.

कापड कणकवलीच्या दुकानातून रिटेलला घेऊ नको, आपल्याला फोंडा घाट चढला की कोल्हापूरजवळचं गांधीनगर मार्केट आहे, होलसेलला तिथेच जायचं, लेस-बटणं-काठ वगैरे हवेत तर मुंबईच्या फेरीत भुलेश्वर आणि मंगलदास मार्केट. दोघी-तिघी मैत्रिणींनी मिळून एसटीचा खर्च वाटून घेतला तरी सुटतं.

पोर्टफोलिओचं मला जरा जास्त सांगायचंय कारण तिथे मुली माती खातात. सगळ्यांच्या फाइलीत तेच पॅरिसचे गाऊन, इंटरनेटवरून उतरवलेले. तुझ्या दाराशी दशावतार आहे, आपलं रात्री चालणारं लोकनाट्य! कार्तिकातल्या जत्रा सुरू झाल्या की रात्री जाऊन बस, पण नाटक बघायला नाही, रंगपटात, म्हणजे नट जिथे तयार होतात तिथे, परवानगी काढून. अख्ख्या कंपनीचं सामान पेटाऱ्यात मावतं. तोच नट घाईघाईत कपडे बदलतो, अंगात घाम, मग युद्धाचा नाच, आणि धुवायला वेळ नाही, उद्या दुसऱ्या गावात प्रयोग. मखमल आणि जरी कुठे फाटते, काखेत की खांद्यावर? बांधायला नाड्या का, हूक का नाहीत? स्त्रीपार्टी नट साडी कशी नेसतो की ती पाच तास हलत नाही? याचे फोटो, मोजमाप, फ्लॅट ड्रॉइंग, आणि त्यावर तू सुचवलेला एक अंगरखा, जो लवकर चढतो आणि घाम सोसतो, असं दहा पानांचं काम कुठल्याही इंटरव्ह्यूत तुझ्या बाजूला बसलेल्या मुलीकडे नसेल. पिंगुळीची चित्रकथी, म्हणजे चित्रं दाखवत गोष्ट सांगायची कला, पण आहे, कुडाळच्या बाजूलाच, परशुराम गंगावणे यांना 2021 मध्ये पद्मश्री मिळाली ती त्याच कलेसाठी. पण एक सांगते, त्या चित्रांचे फोटो काढून कुर्त्यावर छापून विकू नको. जा, भेट, विचार, त्यांचं मानधन ठरव, नाव लाव. परवानगीशिवाय केलेली उचलेगिरी आपल्या जिल्ह्यात दोन दिवसांत सगळ्यांना कळते.

आईसाठी पण एक. पीएम विश्वकर्मा योजनेत अठरा पारंपरिक व्यवसाय आहेत, त्यात शिवणकाम आहे. ट्रेनिंगला दिवसाला 500 रुपये विद्यावेतन, अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत, आणि पहिल्या टप्प्यात एक लाखापर्यंत कर्ज 5 टक्क्यांनी. घरातल्या एकालाच मिळतं, तर ते आईच्याच नावावर कर, तू शिकत राहा. ग्रामपंचायतीत आणि सीएससी सेंटरवर (सरकारी अर्ज ऑनलाइन भरून देतात ते) विचार. त्यातून ओव्हरलॉक आलं तर तुला पण घरी सराव होईल. आणि फीच्या बाबतीत, मुलींना शिक्षण मोफत झालं असं ऐकलं असशील, ती 2024 ची सवलत सरकारच्या केंद्रीभूत प्रवेशातून भरणाऱ्या मान्यताप्राप्त व्यावसायिक कोर्सना आहे, उत्पन्नाची आणि प्रवर्गाची अट आहे, ती इथे लागेल असं धरून बसू नको. तरी महाडीबीटीवर, म्हणजे सरकारच्या शिष्यवृत्तीच्या वेबसाइटवर, तुझ्या कोर्सचं नाव दिसतं का ते कॉलेजच्या क्लार्ककडून खात्री करून घे, उत्पन्नाचा दाखला काढायला वेळ लागतो, तलाठ्याकडे आताच जा.

मामांशी मात्र भांडू नको हां. वर्षाच्या शेवटी इंटर्नशिप करायची असेल तर मुंबईतल्या सॅम्पलिंग रूममध्ये, एक्सपोर्ट हाऊसमध्ये किंवा सिरियलच्या कॉश्च्युमवाल्यांकडे करायची, आणि तेव्हा महिना-दोन महिने राहायला त्यांचंच घर लागणार आहे. त्यांना आत्ताच सांगून टाक, येते म्हणून, पण पुढच्या मे महिन्यात. कॉलेजचा प्रवेश जून-जुलैत भरतो आणि जागा थोड्या असतात, तर या आठवड्यातच जाऊन ये, मार्कशीट आणि टीसीच्या झेरॉक्स ने, आणि तू स्वतः शिवलेले दोन ब्लाउज पिशवीत टाक, उलटे करून दाखव त्यांना.

– ताई